अजिंठ्याच्या भिंतीपासून देवनारच्या वर्गापर्यंत

(देवनार, मुंबई येथे चित्रकला शिक्षक, शिक्षण विभागातील अधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखादे प्रसिद्ध चित्र वर्गात भिंतीवर लावावयाचे आणि विद्यार्थ्यांना ‘हे पाहून असेच काढा’ असे सांगावयाचे, ही प्रथा आपल्या शाळांतून फार जुनी आहे. तिच्याविषयी मतभेदही तितकेच जुने आहेत. नकलेमुळे मुलाचा हात दुसऱ्याच्या रेषेला जखडला जातो व त्याची स्वतःची दृष्टी खुंटते, असे काही शिक्षणतज्ज्ञ म्हणतात. थोरामोठ्यांच्या कृतींवर हात घटविल्यावाचून रेषा येत नाही, असे जुन्या पठडीतील चित्रकारांचे म्हणणे असते. हा वाद केवळ तर्काने सुटण्यासारखा नाही. त्यासाठी प्रत्यक्ष दाखला पाहिला पाहिजे, आणि तसा दाखला शोधण्यासाठी परमुलखात जाण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन जगप्रसिद्ध चित्रे पुन्हा साकारण्याचा एक प्रचंड प्रकल्प दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्याच कलाशाळेने हाती घेतला होता.

मुंबईच्या विद्यार्थ्यांचे अजिंठा

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. १८६५ साली जॉन ग्रिफिथ्स हे वेल्श चित्रकार तेथे अध्यापक म्हणून आले. १८७२ पासून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाण्याचा क्रम आरंभिला आणि मधल्या काही वर्षांचा खंड वगळता तो १८८५ पर्यंत चालविला. थंडीचा मोसम आला की कॅनव्हास, रंग व मापाची साधने घेऊन ही तुकडी वाघोरा नदीच्या त्या घळीत मुक्काम करी. तेव्हा लेणी निजामाच्या राज्यात होती आणि भोवताली रान होते. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, तीदेखील वाघाच्या शिकारीस निघाला असताना.

लेण्यांच्या आत काम करणे सोपे नव्हते. उजेड थोडा, चित्रांवर शतकानुशतकांचा धूर, वटवाघळांची घाण आणि जागोजागी निखळलेला गिलावा. विटलेल्या रंगातून मूळ रेषा शोधावयाची, ती मूळ आकारात कॅनव्हासवर उतरवावयाची आणि तैलरंगांनी भरावयाची, असे हे काम होते. पेस्तनजी बमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा आदी विद्यार्थ्यांनी ते केले. सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. पुढे १८९६-९७ साली ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्यावर दोन खंडांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा पाया म्हणजे ही विद्यार्थ्यांची मेहनतच होय.

सोळाव्या लेण्यात मरणोन्मुख राजकन्येचे म्हणून ओळखले जाणारे एक चित्र आहे. बुद्धाचा भाऊ नंद संसार सोडून गेल्याची वार्ता ऐकून त्याची पत्नी सुंदरी कोसळली, असा तो प्रसंग समजला जातो. भावदर्शनात जगाच्या चित्रकलेमध्ये याहून सरस काही नाही, अशा आशयाचा अभिप्राय ग्रिफिथ्स यांनी या चित्राविषयी दिला. युरोपीय कला हीच श्रेष्ठ असे ज्या काळी मुंबईच्या शाळेत शिकविले जात होते, त्या काळातला हा अभिप्राय आहे. तेरा वर्षांच्या या कामाने ज्यांची दृष्टी पालटली, त्यांत खुद्द गुरूही होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आगीने गिळलेल्या प्रतिकृती

ह्या प्रकल्पाची दुसरी बाजू दुःखाची आहे. ग्रिफिथ्स यांच्याही आधी, १८४४ पासून, मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या प्रतिकृती करण्यात उणीपुरी वीस वर्षे घालविली होती. त्याची चित्रे लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली असता डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांतील बहुतेक जळाली. नव्याने प्रतिकृती करण्याची निकड भासली, ती त्यामुळेच. परंतु मुंबईच्या विद्यार्थ्यांची चित्रे लंडनला गेली आणि १८८५ साली, म्हणजे काम पुरे झाले त्याच वर्षी, साऊथ केन्सिंग्टन येथे आग लागून शंभराहून अधिक चित्रे नष्ट झाली. गिल व मुंबईचे विद्यार्थी या दोहोंच्या कामापैकी दोन्ही आगींतून वाचलेली १६६ चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात राहिली.

दैवाचा फेरा एवढ्यावरच थांबला नाही. जपानी चित्रकार काम्पो अराई यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अजिंठ्यास येऊन जपानी कागदावर केलेल्या प्रतिकृती टोकियोमध्ये ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपात त्याही गेल्या.

तेव्हा प्रतिकृती म्हणजे मूळ कृतीचा कायमचा विमा, ही समजूत खरी नाही. मग तेरा वर्षांची ती खटपट वाया गेली काय? या प्रश्नाचे उत्तर जळलेल्या कॅनव्हासांच्या संख्येत मिळणार नाही. ते त्या विद्यार्थ्यांच्या पुढील आयुष्यात शोधले पाहिजे.

हात घटला, दृष्टी आली

पेस्तनजी बमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. मुंबईच्या पारशी घरांतील साधे जीवन त्यांनी आपल्या कुंचल्याने रंगविले. अजिंठ्याची एकही आकृती त्यांत त्यांना उसनी घ्यावी लागली नाही. कलाशाळेचे विद्यार्थी त्याच काळात बोरीबंदरच्या भव्य स्थानकाच्या कोरीव सजावटीतही राबत होते. १८९० साली कलाशाळेत दाखल झालेले आणि ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली शिकलेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे त्याच संस्थेचे प्रमुख झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांस परिचित आहे. विसाव्या शतकात ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत तेथे भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग निघाला आणि नवी दिल्लीतील सचिवालयाच्या इमारतीत मुंबईच्या विद्यार्थ्यांनी भित्तिचित्रे काढली.

बंगालचे उदाहरणही असेच आहे. १९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ह्या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या नव्या प्रतिकृती करविल्या. त्या कामी कलकत्त्याहून आलेल्या तरुणांत नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे होते. नंदलालांनी पुढे १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी काढलेल्या फलकांत ढोलकरी, सुतार, शेतकरी ही खेड्यातील माणसे आहेत. अजिंठ्यात घटलेला हात आपल्या काळातील कष्टकऱ्याकडे वळला.

जो विद्यार्थी एखाद्या थोर चित्रापुढे महिनोन्‌महिने बसतो, त्याला त्या चित्रकाराने घेतलेला प्रत्येक निर्णय पुन्हा घ्यावा लागतो. बोट इथेच का वाकले, भुवई इतकी लांब का ओढली, काळ्या त्वचेवर तांबूस छटा का दिली, याची उत्तरे त्याला आपल्या हाताने शोधावी लागतात. नकलेचे शैक्षणिक मोल यात आहे. जेथे हा शोध नसतो आणि केवळ हुबेहूबपणाला गुण मिळतात, तेथे टीकाकारांचा आक्षेप पूर्णपणे खरा ठरतो.

वार्निशचा धडा

आणखी एका गोष्टीची नोंद घेणे अगत्याचे आहे. प्रतिकृती करताना मूळ रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळी भिंतीवरील चित्रांना वार्निश लावण्यात आले. १९२० नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही चित्रे टिकावीत या सद्हेतूने लाखेचा लेप दिला. कालांतराने हे थर पिवळे व काळपट पडले, त्यांवर धूळ चिकटली आणि ते उतरविण्याचे अतिशय नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले. मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. मातीत भुसा, गवत व दगडाची बारीक कच मिसळून तिचा थर दिलेला, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वर खनिज रंग. असा पृष्ठभाग श्वास घेतो. त्यावर परका थर चढविला की तो कोंडला जातो. मूळ कृतीला हात न लावता तिचा अभ्यास करणे ही जबाबदारी नकलेबरोबरच येते आणि ती विद्यार्थ्यांना आरंभापासून शिकविली पाहिजे. सहलीला गेल्यावर लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरणारा हात आणि वर्गात त्याच लेण्याचे चित्र काढणारा हात हे दोन्ही एकाच मुलाचे असू शकतात, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव कोरणारा तो जॉन स्मिथ चांगला शिकलासवरलेला अधिकारी होता.

रिओच्या कचराभूमीवरील मारा

हा विषय देवनारमध्ये का बोलावयाचा, असे कोणी विचारील. १९२७ पासून मुंबईचा कचरा ज्या भूमीने पोटात घेतला, ती ही भूमी आहे. १९५४ साली टाटा समाजविज्ञान संस्था येथे आली, १९७१ साली महापालिकेचा पशुवधगृह प्रकल्प येथे उभा राहिला. तथापि मुंबईकराच्या तोंडी देवनार म्हटले की कचऱ्याचा डोंगरच येतो. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. येथील मुले आपल्या पत्त्याचा उच्चार करताना कचरतात, हे येथील शिक्षक जाणतात.

ब्राझील देशात रिओ शहराजवळ जार्दिम ग्रामाशो नावाची अशीच एक अवाढव्य कचराभूमी होती. ती २०१२ साली बंद झाली. तत्पूर्वी काही वर्षे व्हिक म्युनिझ या ब्राझिलियन कलावंताने तेथील कचरावेचकांना हाताशी धरून एक प्रकल्प केला. फ्रेंच चित्रकार दाविद याने १७९३ साली काढलेले ‘माराचा मृत्यू’ हे चित्र युरोपात सर्वश्रुत आहे. स्नानाच्या टबात गतप्राण झालेला क्रांतिकारक, लोंबकळता हात, हातातील कागद, असे ते चित्र. म्युनिझ याने कचरावेचकांच्या संघटनेच्या तरुण नेत्याला टाकून दिलेल्या टबात त्याच पद्धतीने झोपवून छायाचित्र घेतले. ते विशाल आकारात जमिनीवर प्रक्षेपित केले आणि वेचकांनी आपल्याच कचऱ्यातील वस्तू त्या रेषांवर मांडून चित्र साकारले. उंचावरून त्याचे पुन्हा छायाचित्र घेतले गेले. लंडनच्या लिलावात ते विकले जाऊन पैसा वेचकांच्या संघटनेकडे गेला. या प्रकल्पावरील बोलपट २०१० साली निघाला व त्याची ख्याती जगभर झाली.

येथे जुन्या चित्राची रचना तीच राहिली. माणूस मात्र बदलला. ज्याला शहराने कधी निरखून पाहिले नव्हते, तो एका इतिहासप्रसिद्ध पुरुषाच्या जागी आला. तो प्रकल्प वयात आलेल्या कामगारांचा होता, शाळकरी मुलांचा नव्हता, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तरीही त्यातून देवनारच्या शिक्षकांना घेण्यासारखे पुष्कळ आहे. कलेची ओढ या भागाला नवी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत शेजारच्या गोवंडीतील नटवर पारेख वसाहतीत तेथील तरुणांच्या सहभागाने कला महोत्सव भरला होता.

वर्गात काय करता येईल

आता व्यवहाराकडे वळू. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गासमोर पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चांगले छापील चित्र ठेवावे. त्याच्या आडव्या पाच व उभ्या आठ, अशा चाळीस समान चौकटी आखाव्या. प्रत्येक मुलाला एक चौकट व एक फूट बाजूचा एक पुठ्ठा द्यावा. चौकटीतील आकार चौकटीतच मोठा करण्याची रीत आपल्या रंगकामगारांना व नाटकांचे पडदे रंगविणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सर्व पुठ्ठे जोडले की पाच फूट रुंद व आठ फूट उंच चित्र उभे राहते. ज्याच्या वाट्याला नुसती पार्श्वभूमी आली आहे, त्याच्या कसुरीनेही चेहरा बिघडतो, हे मुलांना त्या दिवशी समजते. नागरिकशास्त्राचा एक मोठा पाठ तेथे न बोलता होतो.

रंगांसाठी महागड्या पेट्यांची गरज नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी लाल व पिवळी गेरूची माती, हिरवी माती, दिव्याची काजळी आणि चुना वापरला. निळ्यासाठी तेवढा परदेशातून येणारा लाजवर्दी दगड कुटला. गेरू व पिवळी माती आजही बाजारात मिळते, काजळी घरी धरता येते, निळ्यासाठी कपड्यांची नीळ पुरते आणि बाभळीच्या डिंकाने रंग बांधला जातो. चुन्याने हात व डोळे भाजतात, म्हणून पांढऱ्यासाठी खडूची भुकटी घ्यावी. या परिसरात जरीकामाचे व शिवणकामाचे कारखाने आहेत. तेथील चिंध्या, दोरे व टिकल्या मागून आणल्या तर मुकुट व मोत्यांच्या माळा त्यांतून होतील.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. कचऱ्यातून कला करावयाची म्हणून मुलांना कचराभूमीवर धाडू नये आणि तेथील वस्तू वर्गात आणू नयेत. घरात, दुकानात किंवा कारखान्यात उरलेले स्वच्छ, कोरडे सामान तेवढे घ्यावे. येथील कित्येक मुलांच्या घरी वेचण्याचे काम पोटासाठी चालते. शाळेच्या उपक्रमात त्याच कामाला कौतुकाचा मुलामा दिला, तर त्या मुलांचा गौरव होण्याऐवजी त्यांच्या हाल-अपेष्टांचे प्रदर्शन होईल.

दुसऱ्या टप्प्यात रिओच्या धर्तीवर एक प्रयोग करता येईल. त्याच रचनेत बोधिसत्त्वाच्या जागी कोण बसेल, हे वर्गाने चर्चा करून ठरवावे. कमळ हाती घेऊन दुःखितांकडे करुणेने पाहणारा तो आहे. येथील मुलांना त्या जागी दवाखान्यातील परिचारिका दिसेल, पहाटे रस्ते झाडणारी बाई दिसेल किंवा आपली आजी दिसेल. ते त्यांनी ठरवावे. शिक्षकांनी फक्त कारण विचारावे.

तिसरी गोष्ट खर्चाची नाही, परंतु सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक पुठ्ठ्याच्या पाठीमागे ज्या मुलाने तो रंगविला त्याचे पूर्ण नाव, इयत्ता व वर्ष लिहावे आणि चित्राशेजारी सर्व नावांचा फलक लावावा. अजिंठ्याच्या प्रतिकृती आजवर ग्रिफिथ्स यांच्या नावानेच ओळखल्या जातात. जगन्नाथ अनंत किंवा जयराव राघोबा ही नावे संग्रहालयाच्या नोंदीत आहेत, पण किती मराठी शाळांतून ती उच्चारली जातात? थंडीवाऱ्यात त्या लेण्यांतून बसून ज्यांनी रेषा शोधल्या, त्यांना महाराष्ट्राने विसरावे हे आपल्याला शोभत नाही.

गावची भिंत

सभेस ग्रामीण भागातील काही पंचायत सदस्यही उपस्थित आहेत. त्यांच्या गावी अजिंठ्याचेच चित्र घ्यावे असा आग्रह नाही. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यात पेशवाईतील भित्तिचित्रे आहेत. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतील पोथ्या आहेत. पालघर भागातील वारली चित्रे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर पोहोचली व त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्या तालुक्यातील एखाद्या देवळाच्या, वाड्याच्या किंवा घराच्या भिंतीवर जे जुने चित्र उरले असेल, त्याची मुलांकडून शाळेच्या भिंतीवर पुनर्निर्मिती करवावी. पंचायतीने भिंत, चुना व थोडी रक्कम द्यावी. मूळ चित्राचे आधी चांगले छायाचित्र घ्यावे, त्यास पाणी लावू नये, त्यावर रंगाचा हात देऊ नये आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात ते पुसले जाणार नाही याची दक्षता ठेवावी. कित्येक चित्रे अशा उत्साहानेच नाहीशी झाली आहेत.

अधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. शासकीय रेखाकला परीक्षांसाठी मुले तयारी करतात, त्यात शिस्त आहे आणि ती हवीच. पण वर्षातून एक उपक्रम असा असावा की ज्याला श्रेणी नसेल, ज्यात साऱ्या वर्गाचे एकच चित्र असेल आणि जे वर्षभर शाळेच्या दर्शनी भिंतीवर राहील. तपासणीच्या दिवशी ते चित्र मूळ चित्राशी किती जुळते हे पाहण्याऐवजी एखाद्या मुलाला त्याची चौकट दाखवावयास सांगावे आणि तो काय सांगतो ते ऐकावे.

अजिंठ्याच्या भिंतींवरील रंग हळूहळू उडत आहेत, लंडनला गेलेल्या प्रतिकृतींपैकी कित्येक जळाल्या आणि टोकियोतील भूकंपात गेल्या. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांची नावे कोणास ठाऊक नाहीत. जे टिकले, ते एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यामुळे टिकले. देवनारच्या एखाद्या वर्गातील चाळीस पुठ्ठे जोडले जातील, तेव्हा त्या मालिकेत चाळीस नवे हात येतील. या वेळी त्यांची नावे पाठीमागे लिहिलेली असावीत, इतकीच अपेक्षा.